लागंल कवातरी

माझ्या थोरल्या मामाइतका विकत घेणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झालेला नाही. मी अजून फारसे जग पाहिलेले नाही, आणि पुण्याला येण्याआधी पौडच्या पलीकडे काही असते यावर माझा नीट विश्वासही नव्हता. तरीसुद्धा एवढी एक गोष्ट मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. राजेरजवाडेही पुष्कळ खरेदी करत असतील, पण ते आपल्याला हवे ते घेत असणार. मामा नको असलेले घेई. हवे असलेले घ्यायला मामीने बाजारात पाठवले, तर तेवढे विसरून तो बाकीचा बाजार घरी आणी. मीठ आणायला गेलेला मामा एकदा घोड्याच्या गळ्यात बांधायचा घुंगरांचा पट्टा घेऊन आला होता. आमच्याकडे घोडा नव्हता. त्याच्या वडिलांकडे नव्हता आणि आजोबांकडेही नव्हता. "आवं, घोडा कुटं हाय?" असे मामीने विचारले, तेव्हा मामाने पट्टा खुंटीला अडकवला, एकदा वाजवून पाहिला आणि आपले ठरलेले उत्तर दिले, "असू दे. लागंल कवातरी."

त्या दिवशी आम्ही आळणी आमटी खाल्ली.

माझे गाव मुठा खोऱ्यात आत, आणि तिथली शाळा चौथीला संपे. म्हणून आईने मला मामाकडे ठेवले. मामाचे गाव पौडहून पायी जाण्याच्या अंतरावर. मामा-मामींना मूलबाळ नव्हते. घरात आम्ही तिघे, पण बाहेरून कुणी पाहिले असते तर इथे मोठे खटले नांदते असेच त्याला वाटले असते. माळ्यावर कंदिलांची रांग होती. वजने नसलेला तराजू होता. एका बाजूने फुटलेला ढोल होता, आणि दुसऱ्या बाजूने तो चांगला वाजतो हे मामा येईल त्या पाहुण्याला वाजवून दाखवी. एक छत्री होती, ती मामाने भर उन्हाळ्यात घेतल्यामुळे गळते हे पावसाळ्यापर्यंत कळले नव्हते. दोन खणांची एक पितळी दौत होती, आणि ती घेतली तेव्हा घरात अक्षर ओळखणारे कोणीही नव्हते. मामीच्या मनगटात न जाणाऱ्या बांगड्यांचा डबा होता. आणि कोपऱ्यात, गोणपाटाखाली झाकलेला, एक लाकडी पांगुळगाडा होता. मामाच्या प्रत्येक वस्तूवर मामी काही ना काही बोललेली मी ऐकली आहे. पांगुळगाड्याबद्दल मात्र ती कधी काही बोलली नाही.

मामा उधळ्या होता असे मात्र कुणी समजू नये. तो विडी ओढत नसे, तमाशाला जात नसे, आणि एक बंडी इतकी वर्षे वापरी की तिचा मूळचा रंग कोणता होता यावर गावात वाद होई. त्याचे दुखणे वेगळेच होते, आणि ते मला त्याच्याबरोबर बाजारात जाऊ लागल्यावर कळले. भर बाजारात मामाला काही होत नसे. गर्दीतून तो एखाद्या साधूसारखा निर्विकारपणे हिंडे. पण ऊन कलले, बाजार उठू लागला, विकणारे आपापला उरलेला माल गोळा करू लागले, की मामाचा चेहरा बदले. न खपलेला माल पुन्हा बांधणारा माणूस त्याला पाहवत नसे. एकदा ताम्हिणीचा घाट चढून कोकणातून आलेली एक म्हातारी लाकडी डावल्यांची पाटी भरत बसली होती. मामा तिच्यासमोर उभा राहिला. "आजे, एवढं वझं घेऊन परत घाट उतरनार?" म्हातारी म्हणाली, "मग काय करू लेकरा, हितंच टाकून जाऊ?" झाले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी कालवण वाढायला एक डावला, भात वाढायला दुसरा, ताक घुसळायला तिसरा, आणि कोंबड्या हाकायलासुद्धा डावलाच होता.

मामीने उपाय करायचे काही बाकी ठेवले नाही. आधी तिने मामाच्या बंडीचा खिसा उसवून टाकला. पण पौडच्या बाजारात मामाला न ओळखणारा कोण होता? ज्याने त्याने "पैशाचं काय घिऊन बसलाय, पाव्हणं?" म्हणून माल गळ्यात घातला. मग तिने त्याला भल्या सकाळी पाठवले, म्हणजे बाजार उठायच्या आत तो परत येईल. मामा सकाळी गेला आणि बाजार उठेपर्यंत एका झाडाखाली झोपून राहिला. मग तिने माझी नेमणूक केली. "तू शिकलेला हायेस. मामावर ध्यान ठेव," असे तिने मला बजावले. मी ध्यान ठेवलेही, पण त्या दिवशी घोंगडीवाल्याने सबंध दिवसात एकही घोंगडी विकली नव्हती, आणि तो इतक्या सावकाश घड्या घालत होता, की परत येताना एक घोंगडी मामाच्या खांद्यावर होती आणि एक माझ्या.

शेवटी मामीने खंडोबासमोर मामाला बेलभंडारा उचलायला लावला. बाजारात कनवटीचा पैसा काढणार नाही, असे मामाने देवासमोर कबूल केले. मामाने देवाशी खोटे वागणे शक्य नव्हते. पुढच्या बाजाराहून तो अनवाणी परत आला, आणि त्याच्या हातात तारेचा एक पिंजरा होता.

"पायतान कुटं हायेत?" मामीने विचारले.

"पैसा काडला न्हाई," मामा अभिमानाने म्हणाला. "अदलाबदल केली."

"आन पोपट?"

"पोपट पुढल्या बाजाराला आणतो म्हणलाय त्यो."

मामीने पिंजऱ्याचे दार उघडून पाहिले. मग म्हणाली, "दार मोठं असतं तर तुमालाच घातलं असतं त्यात."

हे सगळे हसण्यावारी चालले होते, आणि मी मॅट्रिक झालो नसतो तर तसेच चालले असते. पण मी पास झालो. आमच्या दोन्ही घराण्यांत इथवर पोहोचलेला मी पहिलाच. पुण्याच्या कॉलेजात मला घालायचे असे मामानेच जाहीर केले, तेही देवळासमोर, चारचौघांत. त्यासाठी मामीने आंबेमोहोर विकून आलेला पैसा मिठाच्या बरणीमागे राखून ठेवला होता. तो घेऊन मामाने एस. टी.ने पुण्याला जायचे, वसतिगृहात माझी जागा धरायची आणि परत यायचे, असे ठरले. मामीची एकच चूक झाली. तो दिवस बाजाराचा आहे हे तिच्या लक्षात राहिले नाही. आणि गाडी उशिरा आली.

पौडच्या स्टँडासमोर एका हौशी माणसाने पुण्यासारखे सलून काढले होते. भिंतीला मोठा आरसा आणि त्याच्यापुढे फिरती खुर्ची. लोक येत, आरशात बघून मिशीवर हात फिरवत, आणि दाढीला नेहमीप्रमाणे वडाखाली जाऊन बसत. त्या दिवशी त्याने दुकान बंद केले. आरसा विकला गेला, खुर्ची कुणी घेईना. "खुर्चीवर हात ठिवून उभा व्हता रं," मामा मला नंतर सांगत होता. "जशी काय घरची म्हस इकाया काडलीया."

संध्याकाळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत मामा नव्हता, म्हणजे तो होता, पण तो खुर्चीत बसलेला होता आणि खुर्ची गाडीत होती. गाडीच्या हिसक्यांनी तो गावाकडे तोंड करून आला, मग डोंगराकडे, आणि आमच्या दारात पोहोचताना त्याची आमच्याकडे पाठ होती.

"आवं, दाढी करून आलाय का न्हावीच घिऊन आलाय?" मामी म्हणाली. पण म्हणता म्हणता तिला उमगले आणि तिचा चेहरा उतरला. "पोराचं पैसं?"

खुर्ची हळूच फिरली आणि तो डोंगराकडे बघू लागला.

खुर्ची अंगणात ठेवली. तिथे तिचा फक्त एकच उपयोग झाला : गावातली लहानथोर माणसे येऊन तिच्यावर गरगर फिरून गेली. मामाने मलाही बोलावले. "बस, भाच्या. हितनं समदं शिवार दिसतंय. मान वळवाया लागत न्हाई." मी बसलो नाही. रडू येईल असे वाटत होते, आणि खुर्चीत बसून गोल फिरत रडणे काही बरे दिसले नसते. मामी त्या दिवशी ओरडली नाही, याचीच मला भीती वाटली. ती भाकरी वाढून उठली आणि शांतपणे म्हणाली, "पोराला कालेजात धाडायचं का घरात बाजार भरवायचा, काय ते ठरवा. त्याची आई मला इचारंल, तवा मी तिला खुर्ची दावू व्हय?"

मामाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. "मग काय करायचं म्हणतीस?"

"इकायचं. जे जे आणलं ते समदं. आन तुमीच बसायचं इकाया."

पुढच्या बाजाराच्या सकाळी आम्ही माळा खाली केला. कंदील, ढोल, तराजू, पिंजरा, घुंगरांचा पट्टा, डावले, सगळे गाडीत चढले. दौत मात्र मामीने माझ्या हातात दिली. "कालेजात गेलास तर लिवायला," ती म्हणाली. त्यातला 'तर' मला दौतीहून जड लागला. सगळ्यात शेवटी मी पांगुळगाडा आणून ठेवला. मामीने गाडीभोवती एक चक्कर मारली, दोऱ्या ओढून बघितल्या, आणि मग पांगुळगाडा खाली उतरवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लागंल कवातरी."

पौड येईपर्यंत मामा मागे, घराकडे तोंड करून बसला.

बाजारात आम्ही गोणपाट अंथरून माल मांडला, आणि मध्ये त्या खुर्चीवर मामा बसला. विकणारा मामा हा घेणाऱ्या मामाहूनही अवघड निघाला. एका शेतकऱ्याने छत्री उचलून विचारले, "गळतीया का?"

"गळतीया की," मामा म्हणाला. "पण येकाच अंगानं. वारं कुटनं येतंय ते बघून धरायची."

मग घोटावड्याकडची एक बाई आली. तिने कंदील हातात घेतला, काच पुसून बघितली, आणि तो छातीशी धरला. मामा खुर्चीतून पुढे झुकला. "बाई, घरात कंदील हाय का न्हाई?"

"हाय की. पण ह्यो लई ग्वाड दिसतोय."

मामा दचकला. त्याने कंदील तिच्या हातातून काढून घेतला. "घरला जा बाई. सरळ जा. मागं बघू नगंस."

"गिऱ्हाईक हाकलताय व्हय?" मामी कडाडली.

"आगं, तिला माझंच दुखणं हाय," मामा हळू आवाजात म्हणाला. "डोळं न्हाई बघितलंस तिचं?"

दुपारी स्टँडावरचा चहाच्या हॉटेलचा मालक सहज म्हणून आला, सहज म्हणून खुर्चीवर बसला, एकदा फिरला आणि उठेना. आजवर तो घासलेटच्या खोक्यावर बसून गल्ला सांभाळत होता. मामाने त्याला प्रेमाने सल्ला दिला, "घिऊ नगंस बाबा. लई फिरलं की जेवान जात न्हाई." पण तोवर मामी पदर खोचून पुढे झाली होती. "त्यांचं काय ऐकताय? पुण्यात मोठमोठ्या हॉटेलांचं मालक असल्याच खुर्चीवर बसत्यात. गल्लाबी दिसतो, भट्टीबी दिसती, आन कोण बिगरपैशाचं निघालंय त्येबी." मामीने पुणे जन्मात पाहिलेले नव्हते. पण खुर्ची गेली, आणि माझे वसतिगृह बरेचसे जवळ आले. मामाला त्या दिवशी कळले, की दुकानदार त्याने नव्हे, तिने व्हायला हवे होते.

खुर्ची गेल्यावर मामा उभाच राहिला. ऊन कलले. बाजार उठू लागला. बाकी काही खपले नव्हते. मामाने खाली वाकून कंदील गोळा करायला घेतले, आणि मला एकदम जाणवले, की इतक्या वर्षांत मी हे दृश्य मामाच्या शेजारी उभा राहून पाहत आलो होतो. त्या दिवशी मामाच त्या दृश्यात होता.

तेवढ्यात घोंगडीवाला आला. त्याने आमच्या मालातली एक घोंगडी उचलली. "पाव्हणं, ही कशी दिली?"

"आरं, ही तुझीच हाय," मामा म्हणाला. "तूच इणलीस."

घोंगडीवाल्याने ती खांद्यावर टाकली. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर न खपलेल्या घोंगड्यांची चळत होती. "असू दे," तो म्हणाला. "लागंल कवातरी."

मामाचा चेहरा मी पाहिला, आणि मग पाहवेना. घोंगडीवाल्याच्या मागोमाग बांगडीवाले चाचा आले. पौडातलेच होते ते, आणि आमच्या गावातली सगळी मनगटे त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांनी तो मामीला न होणाऱ्या बांगड्यांचा डबा उघडून बघितला. "भाऊ, असल्या बांगड्या आता मिळत न्हाईत," ते म्हणाले. त्यांच्या पेटीत तसल्याच बांगड्या होत्या, त्या आम्हाला दिसत होत्या. कोकणातल्या म्हातारीनेसुद्धा येऊन तीन डावले नेले. तेही घाट उतरून न्यायला. जो तो आपापली वस्तू घेऊन गेला, घासाघीस न करता. मामीने पैसे घेतले. तिनेही कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

परतीच्या गाडीत मामा पाय खाली सोडून बसला होता. बराच रस्ता मागे पडल्यावर तो म्हणाला, "त्यास्नी कीव आली माझी."

"मग?" मामी म्हणाली. "इतकी वर्सं तुमी काय करत व्हता?"

"मला वाटायचं, त्यास्नी बरं वाटतंय."

"वाटतही आसंल."

"मला न्हाई वाटलं आज," मामा म्हणाला. मग काही वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा, "कुनी कधी तसं दावलं न्हाई पर. समदी हसून घ्यायची पैसं."

त्या दिवसापासून मामा एकदम बरा झाला, असे लिहिले तर गोष्ट चांगली होईल, पण ते खरे होणार नाही. पुढचे कित्येक बाजार तो दोन्ही हात पाठीमागे उपरण्यात गुंडाळून हिंडत असे. मोकळी पिशवी घेऊन घरी आला की मामी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघे. एकदा तो घसरलाच, आणि एक चाळण घेऊन आला. पण मामीने काही म्हणायच्या आत ओसरीवरूनच मागे फिरला आणि परत देऊन आला. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. एखादी वस्तू फार आवडली, की तो तिच्यासमोर उकिडवा बसे आणि तिला समजावून सांगे, "हितंच ऱ्हा. पुढल्या बाजाराला बघू." किटली असो, आरसा असो, तिच्याशी तो असा बोले, आणि उठून चालू लागे. पुढच्या बाजाराला बहुतेक वेळा तो तिला विसरलेला असे. कधी आठवण ठेवून गेलाच आणि ती खपलेली असली, तर थोडा खट्टू होऊन म्हणे, "गेली व्हय? चांगल्या घरी पडली म्हंजे झालं." अगदीच राहवले नाही तर तो हॉटेलात जाई, आणि मालक नसेल तेव्हा त्या खुर्चीला एक गिरकी देऊन येई.

बाजार उठायच्या वेळेचे काय करायचे, हे मात्र त्याने कुणाला न सांगता ठरवले होते. ते मला इथे पुण्यात कळले.

मामा मधूनमधून मला भेटायला येतो. गेल्या खेपेला आला तेव्हा माझ्या खोलीत त्याने आधी दौत शोधली. मी शाईच्या पेनाने लिहितो, म्हणून दौतीच्या एका खणात दंतमंजन ठेवतो आणि दुसऱ्यात बटणे. ते पाहून मला शरम वाटली, पण मामा खूश झाला. "बघ," तो म्हणाला, "लागली का न्हाई?" संध्याकाळी आम्ही मंडईवरून स्टँडाकडे निघालो. रस्त्याच्या कडेला एक बाई उरलेल्या भाजीची पाटी बांधत होती. मामा थांबला. माझा हात खिशाकडे गेला, मामासाठी म्हणून; त्याचा गेला नाही. तो खाली बसला, पाटीला दुसरीकडून हात घातला, आणि बाईने चुंबळ डोक्यावर ठेवताच तिला पाटी उचलून दिली. नीट बसली का ते बघितले.

"बाबा, काय पायजे व्हतं?" बाईने विचारले.

"काय न्हाई," मामा म्हणाला. "जा, उशीर हुईल."

गाडी उभीच होती. मामाला खिडकीजवळ जागा मिळाली. त्याच्या मांडीवर रिकामी पिशवी होती, घडी घातलेली. मी खाली उभा होतो. घरी आता ती दोघेच असतात. माळा मोकळा आहे, आणि तिथे एका कोपऱ्यात गोणपाटाखाली काय आहे ते आम्हा तिघांना ठाऊक आहे. कंडक्टरने घंटी दिली. मामाने खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतले.

"हितंच ऱ्हा," तो म्हणाला. "पुढल्या बाजाराला बघू."